‘छाया’ आणि ‘सत्य’ यांच्या जोड्या लावण्याआधी

शब्बाथ शाळा अभ्यासक्रम समितीच्या सर्व सभासदांना,

शालोम आणि नमस्कार.

येत्या जूनपासून तुमच्या मंडळ्यांच्या शब्बाथ शाळांत जुन्या करारावरचं नवं पुस्तक लागणार आहे. त्याचा खर्डा तुमच्याच एका शिक्षिकेनं माझ्याकडे शुद्धलेखन तपासायला दिला होता, कारण मी शाळेत मराठी शिकवत असे. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून दिले आणि मजकुराबद्दलच्या हरकती वेगळ्या कागदावर लिहून दिल्या. समितीनं ऱ्हस्व-दीर्घ घेतले. हरकतींबद्दल निरोप आला, की चर्चा झाली, मजकूर आहे तसाच ठेवायचं ठरलं. दुःखसहन सप्ताहातला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातला, ‘वल्हांडणाचं प्रात्यक्षिक’ हा कार्यक्रमही आता दरवर्षी होणार असं कळलं. वल्हांडण म्हणजे पेसाह, मिसर म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतून सुटल्याचा यहुद्यांचा सण. चर्चा काय झाली, ते कुणी सांगितलं नाही. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी यहुदी. राहते ठाण्यात, मूळ गाव अलिबागेकडचं. कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणत, कारण आमचे घाणे शनिवारी बंद असत. ज्या ग्रंथाला तुम्ही जुना करार म्हणता, तो आमचा धर्मग्रंथ, तनाख. हे पत्र तुम्हाला का लिहावंसं वाटलं, ते यातच आलं. पण एवढंच सांगून थांबले तर अर्धं सांगितल्यासारखं होईल, कारण तो ग्रंथ मराठीत आमच्यापर्यंत पोचला त्यात तुमच्या पूर्वसूरींचा मोठा हात आहे. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ पासून मुंबईत होते. त्यांच्या शाळांत आमची मुलं शिकली, आमची माणसं मास्तर झाली. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले आणि तीन वर्षांत त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. संपूर्ण बायबल मराठीत १८४७ साली आलं. हे ऋण आम्ही कधी नाकारलेलं नाही.

त्यात एक गंमतही आहे. मिशनऱ्यांची अपेक्षा अशी, की हे लोक आपला ग्रंथ समजून वाचायला लागले की त्यात ख्रिस्त त्यांना आपोआप दिसेल. आमच्या लोकांनी ग्रंथ मन लावून वाचला आणि ते जास्त पक्के यहुदी झाले. धर्मांतर केलेले अगदी थोडे. १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी हगादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. तिच्यातल्या चित्रात आपल्याकडच्या वेशातल्या बायका मात्सा, म्हणजे बिनखमिराच्या पोळ्या, करताना दिसतात. १८८० च्या सुमारास आमच्यात कीर्तनं सुरू झाली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं आमचे हरदास मराठीत लावू लागले. ग्रंथ तोच, भाषा तीच, गाव तेच, आणि तरी वाचन वेगळं. तुमच्या पुस्तकात हे वेगळं वाचन कुठे दिसतच नाही. माझं मुख्य म्हणणं हे आहे.

आता पुस्तकाकडे येते. प्रत्येक पाठाच्या शेवटी ‘जोड्या लावा’ आहे. डावीकडे ‘छाया’, म्हणजे जुन्या करारातली गोष्ट, उजवीकडे ‘सत्य’, म्हणजे येशूची. डावीकडची चित्रं करड्या रंगात, उजवीकडची रंगीत. डावीकडे लाकडं वाहणारा इसहाक, उजवीकडे वधस्तंभ वाहणारा येशू. राहाबच्या खिडकीतली लाल दोरी, समोर ख्रिस्ताचं रक्त. माशाच्या पोटातला योना, समोर रिकामी कबर. मुलानं रेघ ओढली की पाठ संपला.

या जोड्या तुम्ही शोधलेल्या नाहीत, हे मला ठाऊक आहे. राहाबच्या दोरीचा हा अर्थ पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या क्लेमेंतनं लिहून ठेवला. आदाम हा येणाऱ्याचा नमुना, असं पौल रोमकरांना लिहितो. सारा आणि हागार म्हणजे दोन करार, असं तोच गलतीकरांना सांगतो. इब्री लोकांस लिहिलेलं पत्र तर सबंध नियमशास्त्रालाच छाया म्हणतं. दोन हजार वर्षांची वाट आहे तुमची, आणि तिच्यावरून चालायचा तुमचा हक्क मी नाकारत नाही. उलट एक गोष्ट मान्य करते. दुसऱ्या शतकात मार्कियोन नावाचा माणूस हिब्रू शास्त्र उचलून फेकून द्यायला निघाला होता. तेव्हा मंडळीनं ते राखलं, त्यात या जोड्या लावणाऱ्यांचा वाटा मोठा होता.

शिवाय जुन्या वचनात आपला काळ वाचणं ही आमच्या घरचीच रीत आहे. बाबेलहून परत येणं म्हणजे दुसरं मिसर सोडणं, असं यशयाच्याच पुस्तकात गायलं आहे. मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत १९४७ पासून ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांत हबक्कूकच्या ओळीओळीला आपल्या पंथाच्या गुरूची गोष्ट जोडलेली आहे. गीतरत्नातले प्रियकर-प्रेयसी म्हणजे देव आणि इस्राएल, हे आमचे रब्बी शतकानुशतकं सांगत आले. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयानं जुनी वचनं येशूला लावली, ते त्या काळच्या यहुद्याला परकं वाटलं नसतं. पण मत्तय आपल्या लोकांत बसून, त्यांच्याशी वाद घालत लिहीत होता. समोरच्याला मूळ वचन पाठ होतं. तुमच्या शब्बाथ शाळेतल्या मुलाला ते पाठ नसतं. त्याला करडं चित्र दिसतं, आणि त्यापुढची रेघ.

पहिली हरकत ही, की मूळ गोष्ट पुरी सांगितलेलीच नाही.

संदेष्टा होशेय घ्या. “मिसरातून मी माझ्या पुत्राला बोलावलं” हे वचन तुम्ही बाळ येशूच्या मिसरातून परतण्याचं भाकीत म्हणून छापलं आहे. होशेयच्या अकराव्या अध्यायात त्या ओळीची सुरुवात आहे ती इस्राएल लहान होता तेव्हा देवानं त्याच्यावर प्रेम केलं, इथून. पुढचीच ओळ म्हणते, की बोलावलं तसतसे ते दूर गेले आणि बआलांना, म्हणजे परक्या दैवतांना, बळी देत राहिले. संदेष्टा मागचं आठवतो आहे, आणि रागावलेला बाप आठवतो तसं आठवतो आहे. हे मुलाला कळलं, तर मत्तयानं त्या ओळीचं काय केलं तेही त्याला जास्त चांगलं कळेल. तुम्ही ती संधीच त्याला देत नाही.

यिर्मयाचंही तेच. रामा या गावी इस्राएलाची आदिमाता राहेल आपल्या मुलांसाठी रडते, ते तुम्ही हेरोदानं मारलेल्या बालकांच्या पाठात टाकलं. यिर्मयाच्या डोळ्यांसमोर होते यरुशलेम पडल्यावर बाबेलला नेले जाणारे बंदिवान. त्यांना रामातच गोळा केलं होतं. आणि राहेलला लगेच उत्तर मिळतं, की रडू नकोस, तुझी मुलं शत्रूच्या देशातून परत येतील. हे उत्तर तुमच्या पुस्तकात नाही. आम्ही हा उतारा रोश हशाना या नववर्षाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी वाचतो, आणि त्याच सकाळी तोरातून इसहाकाच्या बांधण्याची गोष्टही. त्या गोष्टीत आमच्यासाठी सगळं वजन अब्राहामाचा हात थांबतो त्या क्षणावर आहे. मुलगा मरत नाही. तुमच्या पाठात इसहाक म्हणजे अर्धवट राहिलेलं चित्र, कारण खरा बळी पुढे यायचा आहे. विचारून बघा कुठल्याही दहा वर्षांच्या मुलाला, त्या गोष्टीत त्याला काय महत्त्वाचं वाटतं. सुरी थांबली, हेच सांगेल.

यशयाच्या सातव्या अध्यायात तुम्ही येशूला लावता त्या बाळाच्या आईला कुमारी म्हणावं की तरुणी, हा जुना वाद मी उकरत नाही. मला एवढंच विचारायचं आहे, की तो आहाज राजा कुठे गेला? इ.स.पू. ७३५ च्या सुमारास अरामाचा रसीन आणि उत्तरेकडच्या राज्याचा पेकह यरुशलेमावर चालून आले होते आणि आहाजाचं काळीज वाऱ्यानं झाडं हलावीत तसं हललं होतं. त्याला चिन्ह दिलं गेलं ते असं, की जन्माला येणाऱ्या त्या मुलाला बरंवाईट कळायच्या आत या दोन राजांचे देश ओस पडतील. इ.स.पू. ७३२ मध्ये अश्शूरनं अरामाची राजधानी दिमिष्क घेतलंच. सातशे वर्षांनंतरच्या बाळाचा आहाजाला त्या दिवशी काय उपयोग होता? ख्रिस्ती वाचकाला इथे दुसरा, खोलवरचा अर्थ दिसत असेल तर दिसू दे. पण पहिल्या अर्थातला घाबरलेला राजा पाठातून गाळून टाकायचा, हे मला शिक्षिका म्हणून पटत नाही.

योनाबद्दल बोलू लागले तर पत्र लांबेल. दारफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, दुपारनंतर आमच्याकडे योना वाचतात. उपासानं घशाला कोरड पडलेली असते आणि प्रार्थना चालवणारा हजान शेवटच्या अध्यायाला येतो. एक रोपटं सुकलं म्हणून रुसून बसलेला संदेष्टा, आणि त्याला देव विचारतो, की निनवेत उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसं आहेत, शिवाय पुष्कळ गुरंढोरं, त्यांची मी कीव करू नको? तुमचा पाठ माशापाशीच संपतो.

यशया त्रेपन्न. तुमच्या खर्ड्यात त्या पानावर चौकट आहे: ‘यहुदी हा अध्याय वाचायला घाबरतात.’ ही चौकट कुणी लिहिली असेल त्यांनी ओरिगेन वाचावा. तो तुमच्याच मंडळीचा मोठा पंडित. सुमारे इ.स. २४८ मध्ये तो लिहितो, की आपण यहुदी विद्वानांशी या अध्यायावर वाद घातला, तेव्हा ते म्हणाले, हा दुःख सोसणारा सेवक म्हणजे जगभर पांगलेली, मार खाणारी सबंध जात. अकराव्या शतकात आमचे मोठे भाष्यकार राशी यांनीही तेच सांगितलं, आणि आधार यशयाचाच आहे, एकोणपन्नासाव्या अध्यायात देव सरळ म्हणतो, “इस्राएला, तू माझा सेवक.” आमच्यातही सगळ्यांचं एकमत नाही. तल्मुदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या संग्रहात, सन्हेद्रीन ग्रंथात याच अध्यायातली एक ओळ मशीहाला लावलेली सापडते. म्हणजे घाबरणं सोडाच, आम्ही दोन हजार वर्षं यावर भांडतो आहोत. प्रेषितांच्या कृत्यांत तो कूशी अधिकारी रथात बसून हाच उतारा वाचतो आणि येशूचा अनुयायी फिलिप्प याला विचारतो, संदेष्टा हे कुणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कुणाविषयी? फिलिप्पानं त्याला भित्रा म्हटलं नाही.

दुसरी हरकत त्या प्रात्यक्षिकाची. मला आमंत्रण होतं, मी आले होते, आणि वागणूक फार आपुलकीची मिळाली. कार्यक्रम चालवणाऱ्या बंधूंनी मात्साचा तुकडा ट्यूबलाइटसमोर धरला आणि मुलांना दाखवला: बघा, हिच्यावर रेघा आहेत, हिला भोकं आहेत, येशूच्या अंगावर फटके होते, त्याला खिळे ठोकले होते, यहुदी दरवर्षी हे हातात धरतात पण त्यांना दिसत नाही. मुलं माझ्याकडे बघत होती.

मात्साला भोकं का पाडतात ते मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पोळी फुगू नये म्हणून. पेसाहसाठी जपून ठेवलेलं पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. पाणी पडल्यापासून अठरा मिनिटांच्या आत मळून, लाटून, टोचून, भाजून व्हायला हवं, नाहीतर ते खमीर धरलं असं समजतात. हातानं टोचलेली भोकं वाकडीतिकडी पडतात. ज्या सरळ रांगा तुम्ही दाखवल्या त्या यंत्राच्या. मात्साचं पहिलं यंत्र १८३८ च्या सुमारास फ्रान्समध्ये आलं.

तीन मात्सा म्हणजे त्रैक्य, मधली मोडली तो पुत्र, फडक्यात लपवली ती कबर, शेवटी सापडली ते पुनरुत्थान, असंही सांगितलं गेलं. आजच्या सेदेरचा, म्हणजे पेसाहच्या रात्रीच्या भोजनविधीचा, क्रम पहिल्यांदा नीट सापडतो तो मिश्ना या रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात, आणि मिश्ना सिद्ध झाली सुमारे इ.स. २०० मध्ये, म्हणजे मंदिर पडल्यालाही शंभरावर वर्षं झाल्यावर. तीन मात्सा आणि लपवलेला तुकडा या रीती त्याच्याही नंतरच्या. येशूच्या शेवटच्या भोजनात त्या असणं शक्यच नव्हतं. आमच्या आजच्या ताटावर तुमचा अर्थ मांडून तो येशूच्या काळचा म्हणून दाखवणं, हा इतिहास म्हणूनही चुकीचा आहे. आणि माणुसकी म्हणून विचाराल तर, आमच्या घरी गुलामीतून सुटल्याची आठवण म्हणून मांडलेलं ताट दुसऱ्याच्या नाटकातली सामग्री होताना पाहणं जड जातं.

तिसरी हरकत थोडक्यात सांगते, कारण ती मला सगळ्यांत जास्त लागली. ‘मोशेचं पुस्तक वाचताना यहुद्यांच्या अंतःकरणावर पडदा असतो’ हे पौलाचं वाक्य तुम्ही शेवटच्या पाठात स्पष्टीकरणाशिवाय, वर्तमानकाळात, आजच्या यहुद्यांचं वर्णन म्हणून छापलं आहे. पौल स्वतः यहुदी होता. तो आपल्याच माणसांवर रुसून बोलत होता. तेच वाक्य मुलांच्या पुस्तकात गेलं, की त्याचं काय होतं ते इतिहासात दिसतं. स्ट्रासबर्गच्या कॅथेड्रलवर सुमारे १२३० मध्ये दोन स्त्रियांचे पुतळे बसवले: मंडळी ताठ, मुकुट घातलेली, आणि सिनेगॉग, म्हणजे यहुदी धर्म, डोळ्यांवर पट्टी बांधलेली, हातातला भाला मोडलेला. १२६३ मध्ये बार्सिलोनात राजासमोर रब्बी नाहमानिदेसला आमच्याच ग्रंथांतून तुमचा मशीहा सिद्ध होतो की नाही यावर वाद घालावा लागला, आणि पुढे त्याला देश सोडावा लागला. छाया संपली, सत्य आलं, तरी छायेला धरून बसणारे ते अपराधी, हा विचार पोर्तुगिजांबरोबर गोव्यातही आला. १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. गार्सिया द ओर्ता हा नामांकित वैद्य. त्याच्या बहिणीला १५६९ मध्ये जाळलं, आणि तो मेल्यावर बारा वर्षांनी त्याची हाडं उकरून जाळली, का तर घरात गुपचूप यहुदी धर्म पाळत होते.

यातलं काहीही तुम्ही केलेलं नाही. तुम्ही रोमन कॅथलिकही नाही. आणि आमच्या कोकणात, हिंदू-मुसलमान-ख्रिस्ती शेजाऱ्यांत, आम्हाला असलं काही सोसावं लागलं नाही, हे आम्ही अभिमानानं जगभर सांगतो. म्हणून तर त्या पट्टी बांधलेल्या बाईचं मराठी चित्र आमच्या शेजारच्या मुलांच्या हाती जाऊ नये असं वाटतं.

‘मग आम्ही आमचा विश्वास शिकवायचाच नाही का?’ असं तुमच्यापैकी एका भगिनीनं मला विचारलं. शिकवा की. तुमच्यातल्याच लोकांनी वाट दाखवून ठेवली आहे. अंत्युखियाच्या परंपरेतला ख्रिस्ती पंडित थेओदोर, मृत्यू ४२८, म्हणत असे की बहुतेक स्तोत्रं आधी त्यांच्या काळात वाचा, सगळीकडे ख्रिस्त घुसवू नका. मंडळीनं ५५३ मध्ये त्याला दोषी ठरवलं हा भाग वेगळा. १९६५ मध्ये व्हॅटिकननं जाहीर केलं, की यहुदी देवानं टाकलेले किंवा शापित आहेत असं पवित्र शास्त्रावरून दाखवू नये, आणि त्यात धर्मशिक्षणाचा मुद्दाम उल्लेख केला. २००१ मध्ये त्यांच्याच बायबल आयोगानं लिहिलं, की या शास्त्राचं यहुदी वाचन हेही एक शक्य असलेलं वाचन आहे. अमेरिकेतल्या मोठ्या लुथरन मंडळीनं १९९४ मध्ये ल्यूथरच्या यहुदीविरोधी लिखाणाशी फारकत घेतली. आणि आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाई बायबलचं मराठी करायला बसल्या तेव्हा मूळ हिब्रू शिकल्या. त्यांना तो ग्रंथ आधी त्याच्या भाषेत ऐकावासा वाटला.

माझं मागणं असं आहे.

प्रत्येक पाठात आधी मूळ गोष्ट पुरी सांगा: कोण बोलतो, कुणाला, कोणत्या संकटात, आणि पुढे काय झालं. त्यानंतर ‘आम्ही ख्रिस्ती लोक या गोष्टीत येशूला असं पाहतो’ या शब्दांत तुमचा अर्थ सांगा. ‘छाया’ आणि ‘सत्य’ हे दोन रकाने काढून टाका, किंवा निदान करडा आणि रंगीत हा भेद तरी काढा. यशया त्रेपन्नवरची चौकट आणि पडद्याचं वाक्य सध्याच्या रूपात छापू नका. पडद्याचं वाक्य ठेवायचंच असेल तर कुणी, कुणाविषयी, कधी म्हटलं ते सोबत द्या, आणि आजचे यहुदी हा ग्रंथ कसा वाचतात यावर एक पान घाला. ते पान आम्ही लिहून देऊ. तपासायला तुमचे पाळक बसोत.

वल्हांडणाचं प्रात्यक्षिक बंद करा. मुलांना सेदेर दाखवायचा असेल तर आमच्यापैकी कुणाच्या घरी पेसाहला पाहुणे म्हणून पाठवा. हगादेत पहिलंच आमंत्रण आहे, की जो भुकेला आहे त्यानं यावं आणि जेवावं. मुलांनी प्रश्न विचारणं हाच त्या रात्रीचा अर्धा कार्यक्रम असतो.

पुस्तक अजून छापखान्यात गेलेलं नाही असं समजतं. ते जाण्यापूर्वी समितीनं आम्हाला एकदा समोरासमोर भेटावं. आमच्याकडून तिघंचौघं येतील. भेटीनंतर जे ठरेल ते लेखी कळवा, आणि एखादी मागणी नाकारणार असाल तर तिचं कारणही त्यात लिहा.

आपली,
ठाण्यातली एक बेने इस्राएल निवृत्त शिक्षिका